शेजारच्या गावाचं सांग

तूदाला लिहिता-वाचता येत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको, बिहीने लपवलं म्हणून. सही कर म्हटलं तर बाई अंगठा पुढे करते. आणि तरीही आमच्या खोऱ्यातली चौदा गावं भूकंपानंतर उभी राहिली ती तिच्या डोक्यामुळे, हे जो नाकारेल त्याच्याशी मी भर बाजारात भांडेन. भांडायला मला फारसं कारण लागत नाही, हेही खरंच.

माझं दुकान खोऱ्याच्या तोंडाशी, बाजारगावात. पूर्वी त्यात फोनचे चार बूथ होते. लोक खेचरं बाहेर बांधायचे, रांगेत उभे राहायचे आणि कासाब्लांकात कामाला गेलेल्या मुलांशी असे ओरडून बोलायचे की फोनची गरजच पडू नये. पुढे हातोहाती मोबाईल आले, बूथ बंद पडले. मी रिचार्ज मारून द्यायला लागलो, छपरावर सोलरच्या पाट्या बसवून लोकांचे फोन चार्ज करायला लागलो. खोऱ्यातला एकेक नंबर मला तोंडपाठ आहे.

बाजारातून वर निघालं की आधी आयत उझ्रू लागतं, मग बरंच चढल्यावर ताम्दा, आणि अगदी शेवटी, जिथे रस्ता संपून नुसती खेचराची वाट उरते, तिथे इफ्री. बाजारगाव आणि अधलीमधली धरून चौदा गावं. इफ्रीत माझी थोरली बहीण असते, इझ्झा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ती अकरा. मला पाठीला बांधून तिने जवाची कापणी केलीय. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याकडच्यांना तिने स्पष्ट सांगितलं, "हा येणार असेल तर मी येते." इफ्रीच्या अक्रोडाखाली मी वाढलो तो तिच्या या हट्टामुळे. ती नसती तर मी कुठल्या कुठे गेलो असतो देव जाणे.

आणि तूदा ताम्दाची. टॉवर आले नव्हते तेव्हा अख्ख्या वरच्या खोऱ्यात एकाच ठिकाणी फोन लागायचा, ताम्दाच्या वरच्या खडकावर. गावाने मिळून घेतलेला एक फोन तूदा फडक्यात गुंडाळून तिथे घेऊन बसायची. कासाब्लांकातून, आगादीरमधून गडी फोन करायचे, आणि ही ऐकलेला निरोप घरोघरी जाऊन जसाच्या तसा सांगायची. रागाचा असेल तर रागात, लाडाचा असेल तर मान वळवून. एका दिवशी वीस-वीस निरोप. एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. लोक गमतीने तिला टॉवर म्हणायचे. ती म्हणायची, "म्हणा, म्हणा. टॉवर पडला की याल माझ्याकडेच."

बाईची जीभ काळी निघाली. टॉवर खरंच पडला.

तो गुरुवार होता, आमचा बाजाराचा दिवस. दुपारची नमाज नुकतीच झाली होती. जमीन गुरगुरली, माझ्या दुकानातली काचेची कपाटं एकमेकांवर पडली, आणि बाहेर आलो तर डोंगर दिसत नव्हता, नुसती धूळ. बाजाराला आलेले पुरुष वरच्या दिशेने धावत सुटले, आणि तासाभराने परत आले. रस्ता दोन ठिकाणी दरडीखाली गेला होता. वर घरात होत्या त्या बायका, म्हातारी आणि पोरं. इझ्झाताईही घरातच असणार, या वेळेला ती भाकरी थापते.

रात्रभर मी तिचा नंबर लावत होतो. लागला नाही.

शुक्रवारी सकाळी शहरातून एका संस्थेची गाडी आली. मोजून चार माणसं. त्यांची प्रमुख सिहाम नावाची इंजिनियर, तीस-बत्तीसची, कासाब्लांकाची. माझ्या छपरावरच्या पाट्या शाबूत आहेत हे बघून तिने विचारलंसुद्धा नाही, सरळ दुकानात शिरली. "काका, ही जागा मला हवी." मी म्हटलं, "घे बाई, पण बूट काढ." तिने छपरावर थाळीएवढी अँटेना लावली, टेबलावर दोन लॅपटॉप मांडले. फोनच्या कंपनीने एक टॉवर ट्रकवर घालून घाटाच्या टोकाला आणून ठेवला होता. त्यामुळे वरच्या गावांत कुठेतरी एखाद्या खडकावर, एखाद्या छपरावर रेंज यायला लागली. पडद्यावर आमच्या खोऱ्याचा नकाशा आला. चौदा ठिपके. तातडीची गरज असेल तर लाल, थांबता येण्यासारखं असेल तर पिवळा, ठीक असेल तर हिरवा. हेलिकॉप्टर एकच होतं, आणि ते तीन खोऱ्यांत मिळून. जिथे लाल तिथे ते जाणार.

सिहामला आमची शिल्हा बोली येत नव्हती. मला येते, अरबी येते, नंबर पाठ आहेत. झालं, तिने कानावर लावायचं यंत्र माझ्या डोक्यावर चढवलं, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. खोटं कशाला बोलू? बाहेर लोक काचेतून बघत होते आणि मी मंत्र्यासारखा बसलो होतो. सिहामच्या यादीत प्रत्येक गावाला चार प्रश्न. उत्तर आलं की तिला अरबीत सांगायचं, तिने ठिपका रंगवायचा, की पुढचा फोन. ती सारखी घड्याळ बघायची. "काका, पटापट. एका गावाला दोन मिनिटं."

दुपारी इफ्रीचा फोन आला. गावचा कारभार बघणारा मुकादम इद्दर बोलत होता, गावच्या वरच्या खडकावरून. म्हातारा माणूस, लहानपणी मला अक्रोड चोरताना त्याने दोनदा पकडलंय. त्याचा आवाज ऐकला आणि माझ्या छातीतलं ओझंच उतरलं.

"लाबास का, बिही?" त्याने विचारलं. आमच्यात फोन उचलला की आधी हेच. काही वाईट नाही ना?

"लाबास, लाबास. तुमचं काय? गाव लाबास?"

"लाबास, देवाची कृपा. तू बरा? दुकान बरं? बायको-मुलं बरी?"

"सगळे बरे. माझ्या ताईचं घर कसं आहे?"

"देवाची कृपा. बाजारात सगळे बरे?"

"बरे. काही हवंय का वर, मुकादम?"

"आम्हाला काय हवं असणार? जव आहेत, अक्रोड आहेत, आभाळ आहे. आधी आयत उझ्रूचं बघा, त्यांच्याकडे लहान पोरं फार."

सिहामने बोटाने खूण केली, दोन मिनिटं झाली. मी तिला अरबीत म्हटलं, "इफ्री ठीक. काही नको म्हणतात." मुकादमाला म्हटलं, "देव तुमचं भलं करो," आणि फोन ठेवला. सिहामने ठिपका हिरवा केला. मी बाहेर येऊन चक्क पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटलो, इफ्री ठीक आहे, माझी ताई ठीक आहे. एका म्हाताऱ्याने मला मिठी मारली.

संध्याकाळपर्यंत चौदापैकी अकरा ठिपके हिरवे झाले. सिहाम डोकं धरून बसली. "काका, घरं पडलेली दिसतायत ना वरून काढलेल्या फोटोत? मग सगळे ठीक कसे?" मी छाती फुगवून म्हटलं, "आमची माणसं कणखर आहेत." लाज वाटते आता आठवलं की.

शनिवारी दुपारी तूदा आली. ताम्दाहून चालत, दरडीवरून, सहा तास. साठीची बाई. पायातले जोडे फाटले होते आणि एक गुडघा सोलवटला होता. दुकानात आली, पाणीसुद्धा न पिता तिने विचारलं, "हेलिकॉप्टर इफ्रीला का जात नाही?"

"इफ्री ठीक आहे," मी म्हटलं. "मुकादमाशी मी स्वतः बोललो."

"स्वतः बोललास? वा! आणि त्याने काय सांगितलं?"

"लाबास म्हणाला."

"कितीदा विचारलंस?"

मला काही कळेना. "म्हणजे?"

"अरे ठोंब्या, कितीदा विचारलंस? एकदा, दोनदा, का तीनदा?"

आणि मग मला कळलं ती काय विचारतेय. कारण हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. हे मी इझ्झाताईच्या पाठीवर असताना शिकलोय. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की देवाची कृपा. दुसऱ्यांदा विचारलं की देवाची कृपा. पहिल्या फटक्यात आपलं दुखणं समोरच्याच्या अंगावर टाकणारा माणूस आमच्यात हलका समजतात. 'काही हवंय का' हे धरायचं नाही, 'कसे आहात' हेच तिसऱ्यांदा विचारलं, की मग माणूस जमिनीकडे बघतो आणि खरं ते सांगतो. मुकादम तिसऱ्या विचारण्याची वाट बघत तिथे खडकावर उभा होता, आणि मी फोन ठेवला. डोक्यावर यंत्र चढवलं आणि दोन मिनिटांत परदेशी झालो.

"गुरुवारपासून इफ्रीतून धूर आला नाही," तूदा म्हणाली. "एकाही घरातून नाही. ताम्दातून मला रोज दिसतो. दोन दिवस ज्या गावात भाकरी भाजली नाही, ते ठीक?"

मी इफ्रीचा नंबर लावला. बंद. मुकादमाची बॅटरी संपली असणार. सिहाम माझ्याकडे बघत होती, तिला काय चाललंय ते कळत नव्हतं. मी तिला सांगितलं. तिने इफ्रीचा ठिपका लाल केला, आणि हेलिकॉप्टरवाल्यांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माहिती कोणाकडून? गावातून?"

"शेजारच्या गावातून," सिहाम म्हणाली, आणि मग ती बोलता बोलता थांबली. तिचं थांबणं माझ्या अजून लक्षात आहे. फोन ठेवून ती तूदाकडे वळली आणि मला म्हणाली, "काका, यांना विचारा, बाकीच्या गावांचं काय?"

तूदा म्हणाली, "मला काय विचारतेस? मी काय चौदा ठिकाणी बसलेय? पण हे बघ पोरी, आमच्यात कोणाला स्वतःचं विचारू नये. शेजाऱ्याचं विचारावं. स्वतःचं विचारलं की तोंडाला कुलूप. शेजाऱ्याचं विचारलं की मग बघ तू, थांबवता थांबवता नाकी नऊ येतील."

आणि तिने माझ्या डोक्यावरचं ते यंत्र काढून स्वतःच्या रुमालावर बसवलं. उलटं बसवलं होतं, सिहामने सरळ केलं.

ते दोन तास मी जन्मात विसरणार नाही. मी नंबर लावायचो, तूदा बोलायची. लाबास-बिबास आटपून सरळ, "ताम्दा, आयत उझ्रूचं सांग."

"आयत उझ्रू? अगं त्यांच्या पाटात मेलेलं खेचर पडलंय, तेच पाणी पितात बिचारे, पोरांना हगवण लागलीय! तुला नाही सांगितलं त्यांनी?"

"ते म्हणाले देवाची कृपा."

"म्हणणारच! मेल्यांची अकड काय कमी आहे!"

मग आयत उझ्रूला ताम्दाचं विचारलं, तर कळलं की तूदाच्या स्वतःच्या गावात सात जण अजून ढिगाऱ्यात आहेत. तिने मघाशी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "बघतोस काय? पुढचा नंबर लाव." कुठे एक बाळंतीण उघड्यावर होती, कुठे औषधावाचून म्हातारा तळमळत होता, कुठे तंबू गरजेपेक्षा जास्त पोचले होते आणि ते कोणी कबूल करत नव्हतं. तेही शेजाऱ्यांनीच सांगितलं, अगदी मिटक्या मारत. तूदा सगळं ऐकायची आणि एकही नाव न विसरता मला सांगायची, मी अरबीत, सिहाम नकाशावर. हिरवे ठिपके एकामागून एक लाल होत गेले, आणि मला पहिल्यांदा आमचं खोरं जसं आहे तसं दिसलं. सिहामचे डोळे भरून आले होते. तिला जे यंत्र चालवायला पाच वर्षं शिकायला लागली, त्याला काय विचारायचं हे या अंगठेबहाद्दर बाईने दोन वाक्यांत शिकवलं.

हेलिकॉप्टर सूर्य मावळायच्या आत इफ्रीत उतरलं. अख्खं गाव अक्रोडाच्या झाडाखाली पडलेलं होतं. इझ्झाताईला लोकांनी गुरुवारीच ढिगाऱ्यातून काढलं होतं, पण दाराची तुळई तिच्या डाव्या पायावर पडली होती. तिला शहरात नेलं. मी रविवारी पोचलो तेव्हा पाय गुडघ्याखाली गेलेला होता. डॉक्टर भला माणूस, त्याला काय माहीत मी कोण. सहज बोलून गेला, "शुक्रवारी आणलं असतं तर बहुतेक वाचला असता."

मुकादम इद्दर पुढे मला बाजारात भेटला. तक्रार नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "मी वाट बघत होतो, बिही. तू फोन ठेवलास." त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईला मी हे कधी सांगितलं नाही. ती बेडवर पडून मला विचारत होती, "तू जेवलास का?" कुठल्या तोंडाने सांगणार?

संस्थेच्या गाड्या तीन महिन्यांनी गेल्या. टीव्हीवाले तर पंधरवड्यातच गेले होते. सिहाम मात्र जाताना एक लॅपटॉप आणि नकाशा माझ्या दुकानात ठेवून गेली, आणि अजून महिन्यातून एकदा येते. ती तूदाला म्हणाली, "मावशी, हे थांबवू नका." तूदा म्हणाली, "थांबवतंय कोण?"

तेव्हापासून दर गुरुवारी तूदा बाजाराला येते, माझ्या दुकानात बसते, आणि फेरी सुरू होते. चौदा गावांत चौदा बायका ठरलेल्या वेळी फोन घेऊन बसतात, सगळ्या एकाच लाइनवर. प्रत्येकीने आपल्या वरच्या गावाचं सांगायचं. ताम्दाची यामना इफ्रीचं सांगते. आता इफ्रीच्या वर कोणी नाही, बर्फ आहे आणि देव आहे. म्हणून इफ्रीने सगळ्यात खालच्या गावाचं, म्हणजे बाजाराचं सांगायचं, असं तूदाने ठरवलं. पुरुष हसले. "बाजाराला काय कमी पडतंय?" तूदा म्हणाली, "फेरी म्हटली की ती पुरी व्हायला हवी. मधेच सुटली तर ती फेरी कसली?"

दोन वर्षांत या फेरीने काय केलं ते सांगायला बसलो तर दुकान उघडायचं राहून जाईल. शाळेत मास्तर येत नाही हे शेजारच्या गावाने सांगितलं, मास्तर यायला लागला. दिवस गेलेल्या बायकांची नावं सातव्या महिन्यातच दवाखान्याला कळतात, गाडी आधीच घाटात येऊन थांबते. गेल्या हिवाळ्यात एकही बाळंतीण दगावली नाही. वाकलेली भिंत, फुटलेला पाट, नवरा मारतो ती सून, सगळं शेजारीण सांगते. ज्याचं त्याने कधी सांगितलं नसतं. आणि हे सगळं तूदाच्या डोक्यात असतं, मी फक्त नकाशावर ठिपके रंगवतो आणि वहीत लिहितो. मोठमोठे साहेब बघायला येतात. त्यांना वाटतं, यंत्राची कमाल आहे. मी त्यांना तूदाकडे बोट दाखवतो.

ताईला इफ्रीत नवं घर मिळालं, नकली पाय बसवला. मी तिला रोज संध्याकाळी फोन करायचो. "ताई, पाय कसा आहे?" "लाबास. देवाची कृपा." बरं वाटायचं. वर जायचं मात्र मी टाळायचो. दुकान आहे, खेचर मिळत नाही, बर्फ पडलाय. दोनदा गेलो तेव्हा नुसतं तिच्या तोंडाकडे बघून बोललो, पायाकडे नजर जाऊ दिली नाही, आणि चहा अर्धा टाकून उठलो. तिसऱ्यांदा विचारणं मला कधी जमलं नाही. उत्तराची भीती वाटायची.

मग या वसंतातल्या एका गुरुवारी फेरीत यामना म्हणाली, "इफ्री. इझ्झाचा नकली पाय तिला होत नाही. वर्षभर झालं. गुडघ्यापर्यंत सोलून निघतं, रक्त येतं. झऱ्यावर जायचं तर ती तो काढून ठेवते आणि बसून सरकत जाते. तिला म्हटलं सांग, तर म्हणते माझ्या भावाला त्रास नको."

माझं पेन थांबलं. मी रोज विचारत होतो हो! रोज! ज्याने या एका चुकीपायी बहिणीचा पाय घालवला, तोच माणूस तीच चूक वर्षभर रोज संध्याकाळी करत होता. तूदाने माझ्याकडे बघितलं आणि यामनाला म्हणाली, "कळलं. पायवाल्या डॉक्टरला याच आठवड्यात वर पाठवते. झऱ्याचं पाणी नळाने खाली आणायचं, तेही लिही, बिही." मी लिहिलं. फेरी संपल्यावर मी लाइनवरच म्हटलं, "ताई, ऐकतेयस का?" पण इफ्रीची लाइन बंद झाली होती.

डॉक्टर गेला, माप घेऊन आला. मी गेलो नाही.

पुढच्या गुरुवारी फेरी नेहमीसारखी चालली. तेरा गावं झाली. शेवटी इफ्रीची पाळी. इफ्रीकडून नेहमी मुकादमाची सून बोलायची, बाजारातल्या पिठात खडे असतात, बसवाला उर्मट आहे, असलं काहीतरी. त्या दिवशी वेगळाच आवाज आला.

"आज मी बोलणार आहे. मी इझ्झा. बाजाराचं सांगायचंय."

"सांग," तूदा म्हणाली.

"बाजारात एक माणूस आहे. फोनच्या दुकानात बसतो. तो बरा नाही."

मी पेन खाली ठेवलं. तूदा म्हणाली, "बिही, लिही. सगळ्यांचं लिहितोस, हेही लिही." मी पेन उचललं.

"दोन वर्षं तो माझ्या समोर सरळ बसलेला नाही," ताई म्हणाली. तेरा गावं ऐकत होती. "त्याला वाटतं मला माहीत नाही. मुकादमाने मला हॉस्पिटलातून आल्या दिवशीच सांगितलं होतं. मला तो कधी सांगणार नाही, आणि मी त्याला आपणहून काही विचारलं तर म्हणेल लाबास. मी ओळखते त्याला, मीच वाढवलंय. म्हणून फेरीत सांगतेय."

"गरज काय?" तूदाने विचारलं. हा प्रश्न ती सगळ्यांना विचारते. तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण रुमालाचं टोक डोळ्याला लागलं होतं.

"त्याला वर पाठवा. दुकान बंद करून. घाई नसलेला पाठवा."

"तातडीचं आहे का?"

"तातडीचं आहे."

तूदा माझ्याकडे वळली. "ऐकलंस ना? लाल कर."

फेरी सुरू झाल्यापासून बाजाराचा ठिपका कधी लाल झाला नव्हता. मी केला. मग आमच्यात भेटीला नेतात तसा साखरेचा एक मोठा सुळका कागदात गुंडाळला, दुकानाला कुलूप घातलं, आणि तूदाच्याच खेचरावर बसून निघालो. ती म्हणाली, "मी येते चालत. तू हो पुढे."

इफ्रीत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ताई अक्रोडाखाली चटईवर बसली होती. समोर शेगडी, किटली, पुदिना. नकली पाय शेजारी बुंध्याला टेकवून ठेवला होता, झाकला नव्हता. मी साखर पुढे ठेवली आणि बसलो.

"कसा आहेस, बिही?"

"लाबास, ताई. देवाची कृपा." तोंडाला सवयच ती.

तिने पेल्यात चहा ओतला, परत किटलीत घातला, परत ओतला. मग पेला माझ्यापुढे सरकवला.

"कसा आहेस?"

"देवाची कृपा," मी म्हटलं, आणि पेला उचलून परत खाली ठेवला.

ताईला घाई नव्हती. तिने भाकरी मोडली, अर्धी मला दिली, हात पदराला पुसले. मग तिने मला तिसऱ्यांदा विचारलं.

मी जमिनीकडे बघितलं. चटईवर तिचा एक पाय होता. आणि मग मी सांगितलं, त्या शुक्रवारपासून सगळं. किटली थंड होईपर्यंत सांगत होतो. तिने मधे एकदाही थांबवलं नाही.